वसमतची हळद आणि पाकिटावरचे नाव

मार्च-एप्रिलमध्ये हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात आणि वसमतच्या मोंढ्यात एकच लगबग असते. जिल्ह्यातली हळद तर येतेच, शिवाय परभणी, नांदेड, वाशीम, यवतमाळकडचे शेतकरीही माल घेऊन येतात. आवक वाढली की वाहनांच्या रांगा रस्त्यावर जातात आणि मोजमाप उरकेपर्यंत नवी आवक थांबवावी लागते. ढिगातली कांडी मोडून आतला रंग पाहिला जातो, बीट होते, कट्टे भरले जातात, ट्रक निघतो. ट्रक निघाला की त्या मालाचे गाव संपले. पुण्या-मुंबईच्या ज्या घरात ती हळद मिसळणाच्या डब्यात पडते, तिथे हिंगोलीचे नाव पोचत नाही. हळदीच्या लागवडीत राज्यात आघाडीवर असलेल्या जिल्ह्याची ओळख राज्यातल्याच स्वयंपाकघरांना नाही. हे पुस्तक या अस्वस्थतेतून लिहिले गेले आहे, आणि ती अस्वस्थता माझीही आहे.

पुस्तकाचा विषय ब्रँड आणि जाहिरात. शेतकरी उत्पादक कंपन्या, महिला बचत गट आणि घरच्या घरी हळद दळून विकू पाहणारी तरुण मुले यांच्यासाठी ते आहे. उदाहरणे उद्योगजगताच्या ताज्या बातम्यांतून घेतली आहेत, कारण व्यवहारात पैसे कशासाठी मोजले जातात हे बातमीतून स्वच्छ दिसते. २०२० मध्ये आयटीसीने कोलकात्याची सनराइज ही मसाला कंपनी सुमारे २,१५० कोटी रुपयांना घेतली. त्याच वर्षी नॉर्वेच्या ऑर्कलाने केरळच्या ईस्टर्नमधला मोठा हिस्सा घेण्याचे ठरवले. २०२२ मध्ये डाबरने बादशाह मसाल्याचा ५१ टक्के हिस्सा ५८७ कोटींहून अधिक रकमेला घेण्याचा करार केला. दळणयंत्रे आणि गोदामे यांच्यासाठी कोणी एवढे पैसे देत नाही, ती नवी उभारता येतात. या कंपन्यांनी विकत घेतला तो गिऱ्हाइकाचा विश्वास. दुकानात जाऊन न बघता, न हुंगता तेच पाकीट उचलणारे लाखो हात त्यांना हवे होते.

मसाल्याच्या धंद्यात या विश्वासाला इतर मालापेक्षा जास्त किंमत का, याचे उत्तर दळणात आहे. हळकुंड मोडून पाहता येते. रंग दिसतो, वाळले आहे की नाही ते आवाजावरून कळते, कीड असेल तर भोक दिसते. भुकटी झाली की हे सगळे मार्ग बंद होतात. चिमूटभर पिवळी पूड हातावर घेऊन ती कोणत्या शेतातली, जुनी की नवी, शुद्ध की रंगवलेली हे कोणालाच सांगता येत नाही, मला नाही, आडत्यालाही नाही. जिथे गिऱ्हाईक स्वतः तपासू शकत नाही तिथे पाकिटावरचे नाव तपासणीचे काम करते. ब्रँडविषयी मोठमोठे ग्रंथ आहेत, पण हळद विकणाऱ्याला एवढे कळले तरी पुष्कळ. तुमच्या नावावर विसंबून गिऱ्हाइकाने तपासणी सोडून दिलेली असते. हा भरवसा जपायचा की मोडायचा, एवढाच प्रश्न तुमच्यापुढे असतो.

मग हिंगोलीचे नाव मधेच का गळते? यात कोणाचा दुष्टपणा शोधू नये. मोठ्या कंपनीला बारा महिने एकाच रंगाची, एकाच चवीची पूड हवी असते. त्यासाठी ती निजामाबादचा, इरोडचा, सांगलीचा, वसमतचा माल घेते आणि मिसळते. मिसळल्यावर कोणत्याच गावाचे नाव लावता येत नाही, लावले तर ते खोटे ठरेल. आपला माल या मिश्रणाचा एक भाग म्हणून जातो तेव्हा त्याला बाजारभाव मिळतो, त्याहून जास्त मागण्याचे कारण आपल्या हाती नसते. देशाच्या पातळीवरही हेच चित्र आहे. जगातल्या हळदीपैकी ७० टक्क्यांहून अधिक हळद भारतात पिकते. २०२३-२४ मध्ये आपण १.६२ लाख टन हळद आणि हळदीचे पदार्थ निर्यात केले आणि त्यातून सुमारे २२ कोटी ६५ लाख डॉलर मिळाले. भागाकार करून पाहा, किलोमागे दीड डॉलरही पडत नाही. २०१६ च्या सुमारास अमेरिकेत आणि युरोपात हळदीच्या दुधाची लाट आली आणि कॅफेमध्ये ते महागड्या पेयांच्या यादीत बसले. कपातल्या हळदीची किंमत आणि आपण पाठवलेल्या हळदीची किंमत यांच्यामधल्या अंतरात प्रक्रिया आहे, वाहतूक आहे आणि सगळ्यात मोठा वाटा नावाचा आहे. १४ जानेवारी २०२५ रोजी निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळाचे काम सुरू झाले आणि २०३० पर्यंत निर्यात १०० कोटी डॉलरवर नेण्याचे ध्येय ठेवले गेले. केवळ जास्त पोती भरून ते गाठता येणार नाही.

हळदीवर नाव उभे करणाऱ्या मराठी माणसांचे उदाहरण आपल्याजवळ आहे, आणि ते या पुस्तकाच्या वाचकाने नीट समजून घ्यावे असे मला वाटते. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत विको सुरू केली. दंतमंजनाने सुरुवात झाली आणि १९७५ मध्ये हळदीचे क्रीम आले. चेहऱ्याला लावायची क्रीमे बाजारात पांढरी असत, हे पिवळसर होते. पेंढरकर कुटुंबाने तो पिवळेपणा लपवला नाही. लग्नाच्या हळदीचा जो संस्कार प्रत्येक भारतीय घरात आधीच होता, त्याला त्यांनी जाहिरातीत आणले. ते सिनेमागृहांत गेले, १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेचे प्रायोजक झाले, आणि वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत राहिले, की हे सौंदर्यप्रसाधन नाही, आयुर्वेदिक औषध आहे. हा दावा नुसता गाण्यापुरता नव्हता. प्रसाधन मानायचे की औषध, यावर अबकारी कर अवलंबून होता. तो वाद वर्षानुवर्षे चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि कंपनी आपल्या म्हणण्यावर उभी राहिली. जाहिरातीतले वाक्य न्यायालयात शपथेवर सांगता येईल असे असले पाहिजे, ही कसोटी विकोने घालून दिली आहे. आज दर सणाला नवे घोषवाक्य आणि दर वर्षी नवे बोधचिन्ह करणाऱ्यांनी त्या चिकाटीकडे पाहावे. नवी कंपनी पहिल्या वर्षी जे बोलते ते तिला दहाव्या वर्षीही बोलता आले पाहिजे, आणि ते खरे असल्याशिवाय बोलता येत नाही.

दुसरी गोष्ट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या लढ्याची. ती शाळकरी मुलांनाही माहीत आहे, पण तिच्यातला धंद्याचा धडा सहसा सांगितला जात नाही. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. आपल्याकडे खरचटले की हळद दाबणे हे आजीलाही माहीत होते, पण आजीची आठवण पेटंट कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३ मध्ये छापून आलेला लेख असे लेखी पुरावे उभे केले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ज्याची नोंद होती ते टिकले. आपल्या गावात शिजवणीची, वाळवणीची, बेण्याची जी जाण आहे ती बहुतेक तोंडी आहे. कोणत्या शेतात कोणते बेणे लावले, कधी काढणी झाली, किती वेळ शिजवले, किती दिवस वाळवले, प्रयोगशाळेत कुर्क्युमिन हे हळदीचे रंगद्रव्य किती निघाले, याची वही ठेवणारे शेतकरी मला भेटले आहेत, पण ते मोजके. ती वही उद्याच्या जाहिरातीचा खरा मजकूर आहे.

अशाच नोंदींच्या बळावर भौगोलिक मानांकन मिळते. वसमतच्या हळदीला ते २०२४ मध्ये मिळाले. त्याआधी २०१६ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या वायगावला आणि २०१८ मध्ये सांगलीला मिळाले होते, म्हणजे एकट्या महाराष्ट्रात हळदीची तीन मानांकित नावे झाली. देशात त्याशिवाय इरोड आहे, ओडिशाचे कंधमाळ आहे, मेघालयाची लाकाडोंग आहे. लाकाडोंगवाले आपल्या हळदीतल्या जास्त कुर्क्युमिनवर बोट ठेवतात. सांगलीला राजापुरी वाणाचा आणि हरिपूरच्या पेवांचा इतिहास आहे. वसमतने स्वतःबद्दल काय सांगायचे? ‘आमची हळद सर्वोत्तम’ हे सगळेच म्हणतात, म्हणून त्याचा उपयोग शून्य. या जिल्ह्याजवळ सांगण्यासारखे आहे ते काळ्या जमिनीचे, गादीवाफ्यावर आणि ठिबकवर आलेल्या पिकाचे, आणि मालाचा माग थेट शेतापर्यंत काढून दाखवता येण्याचे. यातले शेवटचे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण मिसळून विकणाऱ्या कंपनीला ते कधीच सांगता येणार नाही.

मानांकनाविषयी मात्र एक गैरसमज सर्वत्र आहे. ते मिळाले म्हणजे ब्रँड झाला, असे धरून चालले जाते. कायद्याने हे नाव त्या भागातल्या उत्पादकांचे सामाईक असते. ज्याला पाकिटावर ते लावायचे आहे त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि मानांकनाचे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. नोंदणी न केलेल्या शेतकऱ्याच्या पोत्याला त्या कागदाचा काही लाभ नाही. कोल्हापुरी चपलेच्या बातमीतून हे फार स्पष्ट झाले. त्या चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांसाठी मानांकन मिळाले होते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच दिसणाऱ्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. गदारोळ झाल्यावर कंपनीने ती प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी पुढे यावे, याचिकाकर्त्यांचा तो अधिकार नाही, असे म्हणत न्यायालयाने ती फेटाळली. पुढे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्राडाने महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. संताप समाजमाध्यमांवर लाखोंनी व्यक्त केला, पण करारावर सही करायला नोंदणीकृत संस्थाच लागली. वसमतच्या नावाने उद्या कोणी परराज्यातली पूड विकू लागला तर दाद कोण मागणार, त्यासाठी वकिलाची फी कोणत्या खात्यातून जाणार, हे आजच ठरवलेले बरे.

आता मी या प्रस्तावनेतल्या सर्वांत काळजीच्या जागी येतो. सामाईक नाव जसे सगळ्यांना वर उचलते तसेच एकाच्या चुकीने सगळ्यांना खाली ओढते. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने एमडीएचचे तीन आणि एव्हरेस्टचा एक मसाला इथिलीन ऑक्साइड हे घातक रसायन आढळल्याचे सांगून विक्रीतून काढायला लावला. काही दिवसांत सिंगापूरने एव्हरेस्टचा फिश करी मसाला परत मागवला. चौकशी चार पदार्थांची होती, पण बातम्यांचे मथळे ‘भारतीय मसाले’ म्हणत होते. कंपन्यांनी आपली बाजू मांडली, तरी इतर देशांनीही तपासण्या सुरू केल्या. ज्यांच्या मालाशी या प्रकरणाचा काही संबंध नव्हता अशा निर्यातदारांनाही उत्तरे द्यावी लागली. हळदीचा धोका तर याहून जुना आहे. रंग उठावदार दिसावा म्हणून पॉलिशच्या वेळी लेड क्रोमेट लावण्याची वाईट पद्धत भारतीय उपखंडात काही ठिकाणी आहे. त्यातले शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. बांगलादेशात संशोधकांनी हे उघडकीला आणल्यावर सरकारने बाजारात धाडी घातल्या, लोकांमध्ये प्रचार केला आणि ही भेसळ जवळपास थांबवून दाखवली. म्हणजे ते जमण्यासारखे आहे.

वसमतच्या नावाने विकणाऱ्या पन्नास गटांपैकी एकाच्या पाकिटात असा रंग सापडला, तर वर्तमानपत्रात त्या गटाचे नाव खालच्या ओळीत येईल आणि वसमतचे नाव मथळ्यात. म्हणून जाहिरातीच्या आधी एक व्यवस्था हवी: दर लॉटचा नमुना तपासणारी, आणि नापास झालेल्या लॉटला ‘हे नाव लागणार नाही’ असे तोंडावर सांगू शकणारी. हे सांगणे गावात फार अवघड असते. नापास झालेला माल चुलत्याचा असतो, सोयऱ्याचा असतो, पुढच्या निवडणुकीत मत देणाऱ्याचा असतो. माझ्या मते हिंगोलीच्या हळदीचे भवितव्य या एका नकारावर अवलंबून आहे. बोधचिन्ह सुंदर नसले तरी चालेल, नकार देणारा माणूस मात्र पाहिजेच. वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहते आहे. तिथल्या तपासणीचा दाखला आणि पाकिटावरचे नाव यांची गाठ घालता आली, तर गावातल्या माणसाला वाईटपणा घ्यावा लागणार नाही, निर्णय यंत्राच्या आकड्याने होईल.

पुस्तकात ब्रँडची सुरुवात शिजवणीपासून केली आहे हे मला फार आवडले. आठ-नऊ महिन्यांचे पीक काढून झाले की पुढच्या तीन आठवड्यांत त्याचे नशीब ठरते. जुन्या कढईत वरचे हळकुंड कच्चे आणि तळाचे जास्त शिजलेले निघायचे, वाफेच्या कुकरने तो फरक पुष्कळ कमी केला. कमी शिजले तर वाळताना सुरकुतते आणि कीड लवकर धरते, जास्त शिजले तर रंग उतरतो. मग वाळवण. मोकळ्या मातीवर वाळवलेल्या मालात खडे आणि बुरशी, ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर वाळवलेला स्वच्छ. अवकाळी पावसाची एक सर दोन आठवड्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवते, आणि अलीकडे मार्चमध्ये अशी सर येणे नवल राहिलेले नाही. ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आला की ढोलात पॉलिश. याच टप्प्यांवर गिऱ्हाइकाला द्यायचे वचन पाळले जाते किंवा मोडले जाते. पाकीट छापणारा नंतर येतो.

दाव्यांबद्दल थोडे. हळदीचे औषधी गुण सांगण्याचा मोह प्रत्येक विक्रेत्याला होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या घरगुती जाहिरातींत कर्करोगापासून मधुमेहापर्यंत सगळे बरे करून टाकलेले असते. हे लिहिणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते की औषधे व जादूई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे आणि हे दोन्ही आजार त्याच्या यादीत आहेत. २०२४ मध्ये पतंजलीला फसव्या जाहिरातींबद्दल सर्वोच्च न्यायालयात माफी मागावी लागली. वर्तमानपत्रातला माफीनामा तुमच्या नेहमीच्या जाहिरातींएवढा मोठा आहे का, असे न्यायमूर्तींनी विचारले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर बचत गटाला एक नोटीसही पेलणार नाही. कोणता लॉट, कोणते गाव, काढणी कधीची, दळण कधीचे, तपासणीत काय निघाले, एवढे खरे लिहिले तरी ते पाकीट शेजारच्या पाकिटांपेक्षा वेगळे दिसेल.

आणि जाहिरात करायची कुठे? दूरचित्रवाणी परवडणार नाही, मोबाइलवरच्या जाहिरातींत पैसा भराभर जातो. पण या जिल्ह्याच्या दाराशी दरवर्षी माणसे येतात. औंढा नागनाथला ज्योतिर्लिंगाच्या दर्शनासाठी देशभरातून भाविक येतात, नर्सीला नामदेवांच्या जन्मस्थानी वारकरी येतात, हिंगोलीचा दसरा आणि त्याचे प्रदर्शन तर मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. यांच्यापैकी किती जण परतताना इथली हळद नेतात? खंडोबाच्या भंडाऱ्याचा विचारही कोणी तरी करायला हवा. भंडारा म्हणून रंगीत पूड विकली जात असल्याच्या तक्रारी जेजुरीत होत असतात. देवावर उधळायला आणि कपाळाला लावायला शुद्ध हळद हवी असणारा भाविक हा मोठा आणि निष्ठावान ग्राहक आहे.

त्याहून मोठी संधी मला उन्हाळ्यात दिसते. मराठी घरांत अजूनही मार्च ते मे या दिवसांत वर्षाची बेगमी होते. मिरची, धने, हळकुंडे आणून डंकावर कुटून घेतात. नेमक्या त्याच दिवसांत वसमतची नवी हळद तयार होते. वर्षभर दर महिन्याला पाव किलोचे पाकीट विकायला मोठ्या कंपन्यांशी दुकानाच्या फळीवर झुंजावे लागेल. वर्षातून एकदा दोन किलो अख्खी हळकुंडे थेट घरी पोचवायला ती फळी लागतच नाही. अख्खे हळकुंड गिऱ्हाईक मोडून बघू शकते, म्हणजे नवख्या नावावर विश्वास ठेवण्याची जोखीम त्याला घ्यावी लागत नाही. पहिली दोन-तीन वर्षे अख्खी हळद विकून विश्वास कमवावा आणि मग पुडीकडे वळावे, असे माझे मत आहे. लेखकाने पुडीपासून सुरुवात करण्याचा सल्ला दिला आहे. तिथे आमचे एकमत नाही, वाचकाने दोन्ही बाजू वाचून आपल्या गिरणीचा आणि खिशाचा हिशेब करावा.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुढच्या हंगामाची लागण सुरू होते. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीचा अर्ज, लॉटच्या वहीचा नमुना आणि तपासणीसाठी नमुना कसा घ्यायचा याची माहिती पुस्तकाच्या शेवटी दिली आहे. ज्या गटांना येत्या मार्चमध्ये स्वतःच्या नावाने विकायचे आहे त्यांनी ती पाने आधी वाचावीत आणि बेणे जमिनीत जाण्यापूर्वी वहीतला पहिला रकाना भरावा.